चालू झाले म्हणजे दुरुस्त झाले नव्हे

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



आपल्या व्यवसायाविषयी विद्यार्थ्यांशी बोला, असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले. डॉक्टर, वकील, शिक्षक, बँकेतील अधिकारी यांना आपले काम समजावून सांगावे लागत नाही. मला मात्र प्रत्येक लग्नसमारंभात कोणी ना कोणी विचारतोच, "तू इंजिनिअर आहेस हे ठीक, पण तुझे ऑफिस कुठे आहे?" मी सांगतो की माझे ऑफिस माझ्या पाठीवरच्या बॅगेत आहे. आज चंद्रपूरच्या वीज केंद्रात, परवा तारापूरच्या रासायनिक कारखान्यात, पुढच्या आठवड्यात कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात. जिथे यंत्रणा बंद पडते तिथे माझे ऑफिस. या कामाला 'फील्ड सर्व्हिस इंजिनिअर' म्हणतात. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी औद्योगिक नियंत्रण यंत्रणांच्या दुरुस्तीचे हे काम करीत आहे.

नियंत्रण यंत्रणा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. कोणत्याही मोठ्या कारखान्याला डोळे, मेंदू आणि हात असतात. तापमान, दाब, पातळी, प्रवाह मोजणारी उपकरणे म्हणजे डोळे. पॅनेलमध्ये बसलेला पीएलसी किंवा डीसीएस नावाचा औद्योगिक संगणक म्हणजे मेंदू. आणि झडपा, मोटारी, पंप हे हात. बॉयलरमधील पाणी कमी झाले की डोळ्याने ते पाहायचे, मेंदूने ठरवायचे आणि हाताने झडप उघडायची. हे चक्र रात्रंदिवस, सेकंदाला अनेक वेळा चालू असते. ते कुठे तुटले की आम्हाला फोन येतो.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी यातील एक गंमत सांगतो. उपकरणापासून पॅनेलपर्यंत निरोप जातो तो बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलिअँपियर विद्युतप्रवाहाच्या रूपाने. टाकी रिकामी असेल तर ४, पूर्ण भरली तर २० आणि अर्धी असेल तर १२. आता प्रश्न असा की सुरुवात शून्यापासून का नाही? कारण शून्याचे दोन अर्थ झाले असते. टाकी रिकामी आहे असाही आणि तार तुटली आहे असाही. चारपासून सुरुवात केल्यामुळे मीटरवर शून्य आले की कळते, टाकीविषयी आपल्याला काहीच माहिती नाही, तारच तुटलेली आहे. 'काही नाही' आणि 'मला माहीत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही युक्ती आहे. माणसांच्या व्यवहारातही एवढी सोय असती तर किती बरे झाले असते!

दुसरी गोष्ट पीएलसीची. पूर्वी कारखान्यात शेकडो रिले असलेली मोठमोठी कपाटे असत. मोटारगाडीचे मॉडेल बदलले की ती सगळी वायरिंग उचकटून पुन्हा करावी लागे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने या कटकटीवर उपाय मागितला. त्यातून डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला 'मोडिकॉन ०८४' हा पीएलसी पुढे आला. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी त्यांनी गणितज्ञांची भाषा घेतली नाही. रिलेच्या नकाशासारखी दिसणारी, शिडीच्या आकाराची 'लॅडर' पद्धत ठेवली. कारण रात्री दोन वाजता बिघाड शोधणारा माणूस हा कारखान्यातील इलेक्ट्रिशियन असणार होता आणि त्याला वाचता येईल असेच ते असायला हवे होते. ही लॅडर पद्धत आजही चालू आहे. जो दुरुस्ती करणार त्याला समजेल असेच काम करून ठेवावे, हा धडा आमच्या व्यवसायाने अगदी सुरुवातीलाच घेतला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या कामात दोन शब्द फार जवळचे वाटतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक 'चालू झाले' आणि दुसरा 'दुरुस्त झाले'. वीज बंद करून पुन्हा सुरू केली, कार्ड बदलले, उपकरणाला दोन टिचक्या मारल्या की पुष्कळदा यंत्रणा चालू होते. कारखान्याचे अधिकारी खूश होतात, चहा येतो, सर्व्हिस रिपोर्टवर सही होते. पण बिघाडाचे कारण सापडलेले नसते. ते तिथेच दबा धरून बसलेले असते.

एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात बॉयलरच्या पाण्याच्या पातळीचा सिग्नल रात्री अचानक उड्या मारी आणि बॉयलर ट्रिप होई. मी जाण्यापूर्वी इनपुट कार्ड दोनदा बदलून झाले होते. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. मी गेलो तेव्हा लॅपटॉप उघडण्यापूर्वी बॉयलरवरच्या फायरमनपाशी जाऊन बसलो. निवृत्तीला आलेले गृहस्थ. "मामा, तुम्हाला काय वाटते?" म्हणून विचारले. ते थोडे चकित झाले. म्हणाले, "साहेब, आजवर आलेल्यांनी पॅनेललाच विचारले, मला कुणी विचारले नाही. यार्डातला बगॅस ओढायचा कन्व्हेयर लावला की हे होते बघा. तो रोज लागत नाही. उसाच्या गाड्या कमी आल्या की रात्री लावतात."

अर्धे निदान तिथेच झाले. कन्व्हेयरच्या मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची पॉवर केबल आणि पातळीच्या सिग्नलची नाजूक केबल एकाच ट्रेमधून शेजारी शेजारी नेलेली होती. शिवाय सिग्नल केबलवरचे जाळीचे आवरण दोन्ही टोकांना अर्थ केलेले होते. त्यामुळे जे आवरण संरक्षण करायचे, त्यातूनच नको तो प्रवाह वाहत होता. केबल वेगळी केली, आवरण फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केले, आणि मग मुद्दाम कन्व्हेयर चालू-बंद करवून सिग्नल तपासला. तो स्थिर राहिला. कार्डाचा काहीच दोष नव्हता. मी रिपोर्टमध्ये त्या फायरमनच्या निरीक्षणाचा उल्लेख केला. विद्यार्थी मित्रांनो, यंत्राजवळ वीस-पंचवीस वर्षे उभा राहिलेला माणूस पदवीधर नसेल, पण यंत्राचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. त्याला मान देऊन विचारणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण तो निदानाचाही भाग आहे.

'चालू झाले' यावर समाधान मानल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे जगाला माहीत असलेले एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमध्ये लंडनपासून सुमारे ४० किलोमीटरवर बन्सफील्ड येथे इंधन साठवण्याचा मोठा डेपो होता. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. ९१२ क्रमांकाच्या टाकीत वाहिनीतून पेट्रोल येत होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. टाकी भरत होती, पण पडद्यावरचा आकडा जागचा हलेना. साडेपाचनंतर पेट्रोल टाकीवरून सांडू लागले, त्याची वाफ धुक्यासारखी जमिनीवर पसरली आणि सहा वाजून एक मिनिटाने प्रचंड स्फोट झाला. ४३ माणसे जखमी झाली. रविवारची पहाट असल्याने आजूबाजूची कार्यालये रिकामी होती, म्हणून प्राणहानी झाली नाही.

चौकशीत काय आढळले? तो गेज पहिल्यांदा अडकला नव्हता. ३१ ऑगस्ट २००५ पासून स्फोटाच्या दिवसापर्यंत तो १४ वेळा अडकला होता! कधी डेपोतील पर्यवेक्षकच गेज वर उचलून पुन्हा खाली सोडत आणि तो चालू होई. कधी देखभाल करणाऱ्या कंपनीचे लोक येत, तो चालू करून जात. अडकण्याचे नेमके कारण कोणी शोधून काढले नाही. कधी नोंद झाली, कधी तीही झाली नाही. म्हणजे तो अनेकदा 'चालू झाला', पण एकदाही 'दुरुस्त झाला' नाही.

आणि पुढचे ऐका. गेज फसला तरी टाकी ओसंडू नये म्हणून वर एक स्वतंत्र स्विच बसवलेला होता. त्याने पेट्रोल बंद करायला हवे होते. त्या स्विचला चाचणीसाठी एक दांडी होती आणि ती योग्य जागी अडकवून ठेवण्यासाठी एक कुलूप लावणे आवश्यक होते. हे कुलूप कशासाठी, हे बनवणाऱ्याने बसवणाऱ्याला नीट सांगितले नाही आणि बसवणाऱ्याला ते समजले नाही. कुलूप लावलेच गेले नाही आणि ऐन वेळी स्विच निकामी ठरला. २०१० साली न्यायालयाने ज्या पाच कंपन्यांना दंड केला, त्यांत तो स्विच पुरवणारी आणि तो बसवून देखभाल करणारी, अशा दोन कंपन्याही होत्या. एक लहानसे कुलूप आणि न विचारलेला एक प्रश्न! "हे कुलूप कशासाठी आहे?" एवढे विचारायला कोणती पदवी लागते?

आपल्या देशाला तर हा धडा फार महागात मिळाला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला, तेव्हा कारखान्यात सुरक्षेची साधने नव्हती असे नाही. पण टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. सुरक्षेचे साधन कारखान्यात असणे वेगळे आणि ते त्या क्षणी कामाला तयार असणे वेगळे.

यातूनच आमच्या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रसंग उभा राहतो. पुढे तुमच्यापैकी जे या क्षेत्रात येतील, त्यांच्यावर तो नक्की येईल, म्हणून तो सविस्तर सांगतो.

प्रत्येक कारखान्यात 'इंटरलॉक' असतात. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की यंत्रणा आपोआप बंद करायची, ही त्यांची जबाबदारी. उत्पादन थांबले की दर तासाला नुकसान होते. वरिष्ठांचे फोन वाजत असतात. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, "सेन्सर खराब दिसतो. तेवढा इंटरलॉक बायपास करून द्या, उद्या बघू." एक वायरचा तुकडा जंपर म्हणून दोन टर्मिनलांत घालायचा, किंवा प्रोग्रॅममध्ये एक बिट बदलायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. समोरचा माणूस वयाने आणि हुद्द्याने मोठा. तुम्ही तेवीस-चोवीस वर्षांचे, एकटे, परगावी, नोकरी नवी. घरी पहिल्याच पगारावर आशा लावून बसलेली माणसे. नाही म्हणायचे कसे?

अशाच एका रासायनिक कारखान्यात रिअॅक्टरचे तापमान जास्त दाखवून तो वारंवार ट्रिप होत होता. मलाही बायपासचा आग्रह झाला. मी वाद घातला नाही. म्हटले, "साहेब, आधी सेन्सर मोजू या. खोटे बोलत असेल तर बदलू." तापमान मोजणारा तो सेन्सर पीटी-१०० जातीचा होता. त्याचा विद्युतरोध शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५ ओहम असतो. तो मीटर लावून मोजला, तर १४६ ओहम आला. म्हणजे १२० अंश. पडद्यावरही १२० च होते. दुसऱ्या सेन्सरनेही तेच सांगितले. सेन्सर खरे बोलत होता. मग थंड पाण्याच्या झडपेकडे गेलो. पडद्यावर ती १०० टक्के उघडी होती. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले तर क्षार साचून ती अर्ध्यावरच अडकलेली. पडद्यावर दिसत होता तो मेंदूने दिलेला हुकूम. हाताने तो पाळला की नाही, हे पडदा सांगत नव्हता. जंपर घातला असता तर रिअॅक्टर तापतच राहिला असता आणि त्याला थांबवणारे कोणी उरले नसते.

तेव्हा नाही म्हणण्याची माझी पद्धत सांगतो. आवाज चढवायचा नाही. आधी मोजून दाखवायचे. तरीही आग्रह झाला तर कागद काढायचा आणि चार गोष्टी लेखी मागायच्या. कोणता इंटरलॉक, किती वेळापुरता, तोवर त्याच्या जागी देखरेख कोण करणार, आणि मंजुरी कोणाच्या सहीने? चांगल्या कारखान्यांत यासाठी छापील नमुनाच असतो आणि कारखान्याचे जबाबदार लोक विचार करूनच त्यावर सही करतात. जिथे असा नमुना नसतो, तिथे कोऱ्या कागदावर लिहून मागा. माझा अनुभव असा आहे की तोंडी हुकूम देणारे दहा असतात, सही करणारा क्वचित एखादा. कागद पुढे आला की पुष्कळांना उद्याची घाई आठवत नाही. आणि कोणीच सही केली नाही, तर जंपर घालायचा नाही. आपल्या कंपनीच्या वरिष्ठांना त्याच वेळी फोन करून सांगायचे आणि रिपोर्टमध्ये जे घडले ते लिहायचे. त्या पॅनेलपलीकडे कंत्राटी कामगार उभा असतो, त्याला इंटरलॉक हा शब्दही माहीत नसतो. त्याचा जीव त्या दोन टर्मिनलांमध्ये असतो, हे विसरायचे नाही.

अलीकडच्या काळात आणखी एक जबाबदारी वाढली आहे. आता नियंत्रण यंत्रणा संगणकाच्या जाळ्यात आल्या आहेत. २०१० साली उघडकीस आलेल्या 'स्टक्सनेट' या विषाणूने दाखवून दिले की पेन ड्राइव्हवरूनसुद्धा पीएलसीपर्यंत पोहोचता येते. २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात सुरक्षेच्या नियंत्रकावरच हल्ला झाला. त्या नियंत्रकाची चावी 'प्रोग्रॅम' या स्थितीत राहिलेली होती, त्यामुळे त्यात बाहेरून बदल करता आला. म्हणून काम संपले की चावी 'रन'वर फिरवायची, काढून जबाबदार माणसाच्या हाती द्यायची आणि तशी नोंद करायची. कारखान्याच्या संगणकाला आपला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावायचा नाही. सवयी साध्या आहेत, पण त्या लावून घ्याव्या लागतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. या क्षेत्रात यायचे कसे? आयटीआयमध्ये 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल यांची पदविका आहे. पुढे अभियांत्रिकीची पदवी आहे. तिन्ही दारांतून या कामात येता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करण्याची सोय आहे, तिचा लाभ जरूर घ्या. पॅनेलचा नकाशा वाचता येणे, मल्टीमीटर नीट धरता येणे आणि वायरवरचा फेरूल नंबर शोधून तिचे दुसरे टोक गाठता येणे, या तीन गोष्टी ज्याला येतात तो उपाशी राहत नाही. हाताला ग्रीस लागले म्हणजे शिक्षण वाया गेले, असे मानणारे लोक अजूनही आहेत. त्यांचे ऐकू नका. डोके आणि हात यांची फारकत करणाऱ्या समजुतीने आपल्या देशाचे पुष्कळ नुकसान केले आहे.

या कामाची दुसरी बाजूही लपवत नाही. दिवाळीत कारखाने शटडाऊन घेतात, म्हणजे तुमची दिवाळी बॉयलरच्या सावलीत जाणार. मुलाच्या शाळेचा कार्यक्रम चुकणार. रात्रीच्या एस. टी. चा प्रवास, वेळी-अवेळी जेवण हे आहेच. मुलीही आता या क्षेत्रात येत आहेत आणि उत्तम काम करीत आहेत. त्यांच्यासाठी राहण्याची, प्रवासाची आणि स्वच्छतागृहाची नीट व्यवस्था करणे हे कंपन्यांचे कर्तव्य आहे, आणि ती मागणे हा त्यांचा हक्क आहे. नोकरी घेतानाच हे विचारून घ्यावे. जाताना परत येण्याची खात्री मात्र स्वतःच बाळगायची. परमिट घेतल्याशिवाय काम नाही, वीज बंद करून स्वतःचे कुलूप लावल्याशिवाय पॅनेलला हात नाही, आणि बंद केल्यावरही टेस्टरने तपासल्याशिवाय विश्वास नाही.

शेवटी रिपोर्टविषयी सांगून थांबतो. पुष्कळ तरुण इंजिनिअर काम सुंदर करतात आणि रिपोर्टमध्ये एकच ओळ लिहितात, "यंत्रणा तपासली, चालू आहे." हा रिपोर्ट नव्हे. काय आढळले, काय मोजले, किती आकडा आला, काय बदलले, का बदलले आणि काय अजून कळलेले नाही, हे सर्व लिहावे. विशेषतः शेवटची गोष्ट. "कारण सापडले नाही, पुन्हा घडल्यास अमुक तपासावे" असे लिहिण्यात कमीपणा नाही. चार मिलिअँपियरची युक्ती हेच सांगते. जे माहीत नाही ते माहीत नाही असे स्पष्ट कळवणारी तारच विश्वासाची. गेज अडकल्याची प्रत्येक वेळी पूर्ण नोंद झाली असती आणि ती कोणी एकत्र वाचली असती, तर चौदाव्या वेळेची वाट पाहावी लागली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही इंजिनिअर व्हा, परिचारिका व्हा, शिक्षक व्हा किंवा हिशेबनीस व्हा. तुमच्या कामातही 'चालू झाले' आणि 'दुरुस्त झाले' यांतला फरक येणारच आहे. पहिल्यावर लगेच सही मिळते, दुसऱ्याला वेळ लागतो. तो वेळ मागून घेण्याचे धैर्य तुमच्यात यावे, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो. 

जयभीम!